बनुबाईच्या देव्हाऱ्यातली तुर्की टोपी

ज्याने मेंढीला लोकर दिली, फुलाला रंग दिला आणि माणसाच्या ताठ मस्तकाला वाकण्याची बुद्धी दिली, त्या विश्वंभराला माझा पहिला नमस्कार असो. मला गुडघे नाहीत, जोडायला हात नाहीत. तेव्हा हा नमस्कार त्याने शब्दांतच स्वीकारावा आणि मग मला बोलू द्यावे.

मी एक तुर्की टोपी बोलते आहे. लाल, ताठ, माथ्यावर काळ्या रेशमाचा गोंडा असलेली. ‘असलेली’ हे सवयीने म्हटले. आज मी तशी उरलेली नाही. माझा जन्म मिसर देशातल्या कैरो शहरातला. पण पाटण खोऱ्यातल्या एका शेतकऱ्याच्या घरी, देव्हाऱ्याच्या फळीवर, मी दोन वर्षे बसून होते. तिथे रोज दिवेलागणीला टाळ वाजे आणि भजन होई. आज जी भाषा मी बोलते ती त्या भजनांनी मला शिकवली. त्या भाषेत संतांनी राग गिळायला सांगितले आहे, हे मला ठाऊक आहे. मला तो गिळता आला नाही. श्रोत्यांनी एवढा उणेपणा पदरात घ्यावा.

एका वृद्ध कारागिराने ओली लोकर तळहातांनी चोळून चोळून माझा नमदा केला, किरमिजी रंगात उकळवला, पितळी साच्यावर चढवला आणि वाफ देऊन दाबला. ती वाफ सोसली म्हणून मला आकार आला. कारागीर मला हातावर फिरवत म्हणाला होता, “तू सरळ राहा. खालचे डोके कोणाचे मिळेल ते माझ्या हाती नाही.”

मला पहिले डोके फार चांगले मिळाले. तंता नावाच्या गावी कचेरीच्या दारात गनी अफंदी म्हणून एक अर्जनवीस बसत; अफंदी म्हणजे आपल्याकडचे ‘राव’. ज्यांना लिहिता येत नाही अशा शेतकऱ्यांचे अर्ज ते लिहून देत. पहाटेची प्रार्थना झाली की मला ब्रशने झाडून डोक्यावर ठेवीत आणि निघत. त्यांच्या जिभेला अडखळ होती. कठीण शब्द आला की ते माझ्या गोंड्याला हात लावीत, एक बोट वर करीत आणि तिसऱ्या प्रयत्नाला तो शब्द बाहेर काढीत. पण समोर बसलेला शेतकरी कधी हसत नसे. ते बोट वर गेले की तोही श्वास धरून थांबे, आणि शब्द आला की दोघांनाही बरे वाटे.

त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत लबीब शलकामी नावाचा तरुण भाड्याने राहत होता. दिसायला गोड, जिभेला मध. म्हाताऱ्याला काका म्हणे, त्यांच्या ताटात जेवे आणि जेवताना त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघे. म्हाताऱ्याला वाटे, पोराला माया आहे. मला मात्र त्या बघण्याची भीती वाटे. मांजर बिळाकडे बघते ना, तसे ते बघणे होते.

एके दिवशी तो म्हणाला, “काका, संध्याकाळी कॉफीगृहाच्या मागच्या रंगमंचावर माझा पहिला खेळ आहे. एका संध्याकाळपुरती तुमची टोपी द्या. तुम्हीही या. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची.”

गनी अफंदींनी मला स्वतःच्या हाताने झाडून त्याच्या डोक्यावर ठेवले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. लबीब रंगमंचावर आला. त्याने माझ्या गोंड्याला हात लावला. बोट वर केले. “ता... ता... ता...” असा तो अडखळू लागला आणि शब्दाच्या मागे धावता धावता खुर्चीवरून उलथा पडला. लोक पोट धरधरून हसले. गनी अफंदीही हसत होते. नंतर त्यांचे हसू मध्येच थांबले. मी वरून पाहत होते. आपला चेहरा दुसऱ्याच्या मानेवर बसलेला पाहिला की माणसाचे काय होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

दुसऱ्या सकाळी कचेरीच्या दारात ते बसले, तर येणारा-जाणारा बोट वर करून ‘ता-ता’ करी. आठ दिवसांत त्यांनी बोलणे सोडले. पूर्ण सोडले. अर्ज लिहायचे ते खुणांनी विचारून. मला परत मागायलाही ते आले नाहीत. मागायचे म्हणजे बोलावे लागले असते. वर्षाच्या आत कचेरीच्या दारातली ती जागा रिकामी झाली.

आता या लबीबची कीर्ती ऐका. जी मिळवायला दुसऱ्यांना आयुष्य घालवावे लागते ती त्याला एका म्हाताऱ्याच्या जिभेवर मिळाली. कैरोच्या नाटकगृहांत ‘ता-ता अफंदी’ गाजला. पुढे बोलपट आले. एकामागून एक चौदा बोलपटांत तो ता-ता अफंदीच झाला. कधी ता-ता अफंदी नवरदेव, कधी ता-ता अफंदी हवालदार, कधी ता-ता अफंदी हौदात पडलेला. प्रत्येक वेळी मी त्याच्या डोक्यावर. भिंतीभिंतींवर त्याची चित्रे लागली, त्यांत त्याच्या तोंडापेक्षा मी मोठी काढलेली असे. नाईलच्या काठी घर झाले, दारात मोटार आली.

घरी त्याचा एक मोठा आरसा होता. दूध घालणारी बाई पाठ धरून कशी उठते, आचारी उजव्या पायाने कसा लंगडतो, हे तो दिवसभर टिपून ठेवी आणि संध्याकाळी त्या आरशापुढे करून बघे. ज्याचे उचलले त्याला कधी सांगत नसे. विनोद मला वर्ज्य नाही. इथल्या भारुडातही मी पुष्कळ हसणे ऐकले. पण तिथला सोंगाड्या स्वतःला वेडा ठरवतो आणि श्रोत्याला शहाणा करून घरी पाठवतो. लबीब समोरच्याला वेडा ठरवून स्वतः शहाणा होत असे. तसल्या हसण्याचा मला आजही वीट आहे.

देवाच्या घरी उशीर असला तरी न्याय असतो म्हणतात, पण लबीबला तोही अर्धामुर्धाच मिळाला. महायुद्धाच्या तिसऱ्या वर्षी लोकांना त्या अडखळण्याचा कंटाळा आला. दोन बोलपट पडले. वर्तमानपत्रवाल्यांनी ‘ता-ता अफंदी म्हातारा झाला’ असे छापले. लबीब चिडचिडा झाला. रस्त्याने जाताना मोटारीच्या काचेतून माणसे हुंगत जाई. नवे काही सापडेना. अशा दिवसांत कैरोच्या लष्करी इस्पितळाच्या पटांगणात जखमी सैनिकांची करमणूक करायला त्याला बोलावले गेले.

तिथे तिसऱ्या रांगेत, डोक्याला पांढरी पट्टी बांधलेला, साताऱ्याकडचा एक मराठा शिपाई बसला होता. त्याचे नाव सयाजी.

वाळवंटातल्या लढाईत सयाजीच्या शेजारी त्याच्याच गावचा जोतिबा पडला होता. त्या दिवसापासून तीन महिने सयाजी हसला नव्हता आणि रडलाही नव्हता. हे सारे मी पुढे त्याच्याच तोंडून ऐकले. त्या दुपारी लबीब खुर्चीवरून उलथा पडला आणि सयाजी एकाएकी हसला. हसता हसता त्याला रडू फुटले. तो तसाच उठला, रांगा ओलांडून रंगमंचावर चढला आणि लबीबच्या पायांवर त्याने डोके ठेवले.

त्याने तसे का केले, हे सांगितले पाहिजे. त्याच्या गावी चैत्रात भैरोबाच्या यात्रेला सोंगे निघतात. ज्या घरात वर्षभरात माणूस गेले असेल, त्या घरच्याने सोंगाच्या पायांवर डोके ठेवायचे. सोंग आपले मुंडासे उतरवून त्याच्या डोक्यावर घालते. सगळे ‘दुःख उतरलं’ म्हणतात आणि त्या घरी पुन्हा गोडधोड व्हायला मोकळीक होते. सयाजीला वाटले, सोंग म्हणजे सोंग. देश निराळा असला म्हणून काय झाले?

त्याचा नमस्कारही त्याच्या आईने शिकवलेला, पुरा नमस्कार होता. भुईला कपाळ टेकले, दोन्ही कान धरले, उठून डोळे मिटून स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि हात जोडून तो पुन्हा वाकला.

लबीब आधी चमकला. मग मला त्याच्या कपाळाची शीर उडताना जाणवली. गनी अफंदींच्या ताटात जेवताना ती तशीच उडे. त्याने मला डोक्यावरून काढले आणि सयाजीच्या डोक्यावर दाबून बसवले. मी त्या पट्टीवरून सरकून सयाजीच्या डोळ्यांवर उतरले.

माझ्या आयुष्यातली सर्वांत वाईट घटका ती. सयाजीचे डोळे मी झाकले होते, आणि समोर लबीब इस्पितळातला पंचा डोक्याला गुंडाळून त्याचाच नमस्कार करीत होता. खांबाला कपाळ टेकी, कान धरी, गिरकी घेई. खुर्चीपुढे लोळण घेई, पुन्हा गिरकी. अख्खे पटांगण हसत होते. सयाजीला ते हसू ऐकू येत होते. तो माझ्या अंधारात उभा राहून रडत होता आणि पुटपुटत होता, “उतरलं. जोतिबा, गड्या, उतरलं रं.”

लबीबच्या चाकराने मला परत घेण्यासाठी हात पुढे केला. लबीब म्हणाला, “राहू दे ती त्याच्याकडे. जुनी झाली आहे. मला आता हे मिळाले.”

अशा रीतीने मी सयाजीची झाले. पुढल्या वर्षी जखमेमुळे पलटणीतून मोकळा होऊन तो आगबोटीने मुंबईला आणि आगगाडीने कराडला उतरला. तिथून बैलगाडीने गाव. दारात त्याची आई बनुबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिने लेकाला ओवाळले आणि त्याच्या ट्रंकेतून मी निघाले तेव्हा विचारले, “ही रं कुनाची? गोंड्याची?”

“आये, तिकडं लय मोठा सोंगाड्या हाय. अख्खा मुलूख त्येला वळखतुय. त्यानं सोताच्या डोक्यावरची काढून माज्या डोक्यावर घातली. जोतिबाचं दुःख उतरलं माजं.”

बनुबाईने मला पदराने पुसले आणि देव्हाऱ्यात, खंडोबाच्या टाकाशेजारच्या फळीवर ठेवले. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “बनुबाई, तुर्की टोपी देवात ठिवतीस व्हय?”

“आवं, माज्या लेकाच्या डोळ्याला तीन म्हैन्यानं पानी आनलं तिनं,” बनुबाई म्हणाली. “तिची जात मी कशापायी इचारू? देवानं इचारली तर देईन उत्तर.”

मला हळदकुंकू लागले. मला, जिच्यापायी एक माणूस मुका झाला होता! मी फळीवरून खाली पडण्याचा प्रयत्न केला असता, पण टोपीला तेवढेही स्वातंत्र्य नसते.

तिसऱ्या दिवशी हरणाबाई आली. ही जोतिबाची आई. घरात ती आणि एक बैल, तिसरे कोणी नाही. पोराची तार आल्यापासून तिने चुलीवर तवा ठेवला नव्हता. शेजारणी देतील ते दोन घास पाण्याबरोबर गिळी. ती उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, “सयाजी, जोतिबाच्या जवळ तूच हुतास म्हनं. तुजं उतरलं. माजं उतरंल का?”

सयाजीने मला दोन्ही हातांनी उचलले आणि तिच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवले. मला त्या डोक्यातली थरथर अजून आठवते. मग जोतिबाचे नाव घेऊन तिने जो टाहो फोडला त्याने गोठ्यातली गुरे उठून उभी राहिली. त्या सांजेला हरणाबाईने स्वतःच्या चुलीवर भाकरी थापली.

ही गोष्ट खोऱ्यात पसरली. त्या वर्षी गावोगाव तारा येत होत्या. कोणाची आई, कोणाची कारभारीण, कोणाचा म्हातारा बाप बनुबाईच्या दारात येऊन बसू लागला. सयाजी प्रत्येकाच्या डोक्यावर मला ठेवी आणि हात जोडून स्वतः त्यांच्या पाया पडे. कोणाकडून सुपारीसुद्धा घेत नसे. सांगलीला गणपतीच्या दर्शनाला गेला तेव्हा तिथल्या छायाचित्रकाराकडे त्याने मला मांडीवर घेऊन आपली छबी काढवली. छायाचित्रकार म्हणाला, “राव, डोक्यावर घाला की.” सयाजी म्हणाला, “माजी न्हाई ती. समद्यांची हाय.” गावाने यात्रेत त्याला मानाचा फेटा बांधला आणि सोंगांच्या पुढे चालायचा मान दिला.

मला वाटू लागले की आपले पाप धुतले जात आहे. देव वाईट वस्तूकडूनही चांगले काम करून घेतो, असे भजनात म्हणत. मी ते खरे मानले आणि बेसावध झाले.

सन सेहेचाळीसच्या फाल्गुनात मानसिंग परतला. तोही त्याच गावचा, त्याच पलटणीतला. शेवटचे वर्ष तो कैरोत होता. गडी शूर होता, हे मी नाकारत नाही. छातीवर बिल्ला होता. पण आला तेव्हा गाव आपापल्या कामात होते. त्याला कोणी फेटा बांधला नाही. महिनाभराने यात्रा आली आणि सोंगांच्या पुढे सयाजी मला ताटात घेऊन चालू लागला, तसे मानसिंगाच्या पोटातले बाहेर आले.

भर दुपार होती. पारावर उडी मारून त्याने हाळी दिली, “मंडळी, ऐका! आमी काय तिकडं पाच वर्सं गवात उपटत हुतो? एका टोपीचं एवढं कवतिक करताय, तर त्या टोपीवाल्याचा खेळ तरी बघा की! मी बघून आलोय, कैरोच्या थेटरात, पडद्यावर!”

“दाव की रं!” गर्दीतून कोणीतरी ओरडले.

मानसिंगाने डोक्याला पंचा गुंडाळला. पाराच्या पिंपळाला कपाळ टेकले, कान धरले, गिरकी घेतली. मग जवळ उभ्या असलेल्या गाढवापुढे तेच केले. मग पाणक्याच्या घागरीपुढे. लोक लोटपोट झाले.

“वळखलं का कुनाचं सोंग?” मानसिंग धापा टाकत म्हणाला. “त्यो लबीब हिंदी शिपाई झालाय बोलपटात. दिसंल त्येच्या पाया पडतुय. गाडवाच्या, खांबाच्या, पोलिसाच्या! आन् गिरकी घेतली का अख्खं थेटर खदखदतंय. सहा म्हैनं हटंना ती फिलीम. डोक्याला पट्टी, टोपी डोळ्यावर. मला तवाच कळलं, ही गिरकी आपल्या सयाजीची! त्यानं मान न्हाई दिला ह्येला. त्यानं ह्येला माकाड केलंय माकाड!”

हसू थांबले नाही. ते फक्त दुसरीकडे वळले. आता लोक सयाजीकडे पाहून हसत होते.

सयाजी ताट धरून उभा होता. त्याने फक्त विचारले, “मानसिंग, खरं सांग. भैरोबाच्या फुडं हाईस.”

“भैरोबाची आन.”

तेव्हा गर्दीतून हरणाबाई पुढे आली. ती हसत नव्हती. “म्हंजी माज्या लेकाच्या दुःखावर तू तमासगिराची टोपी ठिवलीस?” ती म्हणाली. “मी जोतिबाचं नाव घिऊन रडले ती काय, कुनाच्या तरी टिंगलीच्या टोपीखाली?”

“काकी, मला ठावं नव्हतं.”

“तुला ठावं नव्हतं. मला काय ठावं हुतं? तुज्या भरवशावर डोकं वाकवलं मी.”

ज्या बायांनी मला डोक्यावर घेतले होते त्यांनी एकेकीने तोंड फिरवले. सयाजी घरी आला. ताट जमिनीवर ठेवले, मला उचलले आणि गोठ्यातल्या खुंटीवर अडकवले. तो मला फेकून देता तर मला आनंद झाला असता.

त्या दिवसापासून सयाजी वाकला नाही. देव्हाऱ्यापुढे नाही, भैरोबापुढे नाही, गावाला निघताना आईच्या पायांवरही नाही. काम करी, जेवी, दोन शब्द बोले. पण मान अशी ताठ की जणू तीही कोणी साच्यावर वाफेने दाबली असावी. मी एक माणूस बोलणे सोडताना पाहिला होता. दुसरा नमस्कार सोडताना पाहत होते. लबीब हजारो कोसांवर होता आणि त्याचा हात या गोठ्यापर्यंत पोहोचत होता.

बनुबाई गोठ्यात धार काढताना एकदा त्याला म्हणाली, “देवाफुडं तरी वाक रं. माज्यासाठनं नगं, तुज्यासाठनं.”

“वाकलं की पाठीमागं कोन तरी हसतंय, आये.”

“हसंना का!”

“तुला ऐकू येत न्हाई. मला येतंय.”

बनुबाईने पदर डोळ्याला लावला. तिला दुसरी भीती नव्हती. शेत पिको न पिको. ज्या घरातला कर्ता पुरुष वाकायचा थांबला त्या घरातला देव उठून जातो, असे ती मानी. आणि मीही मानते.

आषाढात बेंदूर आला. त्या भागात बैलाचा हा मोठा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळदलोण्याने चोळायचे. सणाला त्यांना न्हाऊ घालायचे, शिंगे रंगवायची, पुरणपोळी पुढे ठेवायची. आणि घरातल्या पुरुषाने बैलाच्या पाया पडायचे. वर्षभर ज्याला हाकले, एक दिवस त्याच्या पायांवर डोके.

सयाजीने बैल धुतले, रंगवले. बनुबाईने ताट त्याच्या हाती दिले. तेवढ्यात अंगणाच्या बुटक्या भिंतीवरून मानसिंगाने डोके वर काढले. “सयाजी, कान धरायला इसरू नगं गड्या! गिरकी झ्याक हुं दे. आमी तिकीट न काढता बघायला आलोय!”

सयाजीने ताट आईच्या हाती परत दिले. “तू कर,” म्हणाला आणि घराकडे वळला. बनुबाई जागच्या जागी बसली.

“सयाजी, थांब.” हरणाबाई दारात आली होती. यात्रेपासून ती या दारात आली नव्हती. “तुज्याशी मी बोलत न्हाई. कामापुरतं बोलतीया.”

“बोला काकी.”

“माजा तान्या सकाळधरनं हुबा हाय. पुरनपोळी फुडं ठिवलीया, तोंड लावंना. जोतिबा दरसाल आदी पाया पडायचा, मग त्यो खायाचा. जोतिबा लढाईला गेल्यापासनं धाकला दीर यिऊन पडायचा, त्यो औंदा अंथरुनावर हाय. मी पडले. मला मानंना. मुकं जनावर उपाशी हाय.”

“दुसऱ्या कुनाला तरी सांगा.”

“कुनाला सांगू? ह्या मानसिंगाला? ह्यो नक्कल करंल, बैलाला कळत असतंय.”

मानसिंग भिंतीआड हसला, पण हसू अर्धे राहिले.

सयाजी खाली बघत होता. “काकी, तुमीच म्हनला, माज्या भरवशावर डोकं वाकवलं.”

“म्हनले. टोपी लबाडाची हुती. तिचा राग मला हाय आन् मरस्तवर ऱ्हाईल. पर त्या सांजेला माज्या हातानं मी भाकरी खाल्ली. ती भाकरी काय लबाड नव्हती.” तिने पदर खोचला. “येनार असशील तर ये. न्हाईतर तसं सांग, मी उभ्यानं आले, उभ्यानं जाते.”

ती निघून गेली. तिचे अंगण गोठ्याच्या झरोक्यासमोरच आहे. खुंटीवरून मला ते पूर्ण दिसे. थोड्या वेळाने सयाजी तिथे आला. त्याच्या मागे बनुबाई आली, ताट घेऊन. मानसिंगही आला आणि कुंपणाला टेकून उभा राहिला. तीनचार माणसे आणखी थांबली.

तान्या पांढरा, म्हातारा, एक शिंग वाकडे. सयाजी त्याच्यापुढे उभा राहिला. इतका वेळ उभा राहिला की मला वाटले, आता परत फिरेल. मग तो एकदम खाली गेला. आषाढाच्या चिखलात कपाळ टेकले आणि तसाच राहिला.

मानसिंग हसला. एकट्याचे हसू फार उघडे असते. ते सगळ्या अंगणाला ऐकू गेले, आणि कोणी त्याला साथ दिली नाही.

सयाजी उठला. दोन्ही कान धरले. आता गिरकी राहिली होती. सगळ्यांना ठाऊक होते की गिरकी राहिली आहे. मानसिंग तीच पाहायला मान पुढे काढून होता. सयाजीने त्याच्याकडे एकदा पाहिले. मग डोळे मिटले आणि स्वतःभोवती सावकाश, पुरी, न चोरता गिरकी घेतली. पुन्हा वाकून त्याने तान्याच्या खुरांना हात लावला.

तान्याने पुरणपोळीला तोंड लावले.

हरणाबाईने उपकार मानले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. “कपाळ पूस,” म्हणाली. “चिखल लागलाय.”

घरी येताना सयाजी दारातच आईच्या पायांवर वाकला. तिने त्याला उठवले नाही. दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून ती तशीच उभी राहिली. त्या सांजेला देव्हाऱ्यापुढे टाळांबरोबर त्याचाही आवाज होता.

दुसऱ्या दिवशी तो कातरी घेऊन गोठ्यात आला. तान्याचा खांदा जुवाने सोलून निघाला होता. खांदे चोळताना हरणाबाईच्या हाताला रक्त लागले होते. सयाजीने माझा गोंडा कापून टाकला, मला उभे चिरले, दोन घड्या केल्या आणि जुवाच्या आतल्या बाजूला शिवून टाकले. मला कातरीचे दुःख झाले नाही.

आज या गोष्टीला दोन वर्षे झाली. माझा लाल रंग घामाने काळपट झाला आहे. तान्या चालतो तेव्हा जू माझ्यावर दाबते आणि मी त्याच्या मांसावर दाबू देत नाही. इतकी वर्षे डोक्यावर राहिले, पण कोणाचा एक व्रण झाकण्याचे काम मला इथे प्रथम मिळाले. खांदा भरून आला आहे. हरणाबाई सयाजीशी अजून कामापुरतेच बोलते. कामे मात्र रोज काढते.

लबीबला मी क्षमा केलेली नाही. त्याच्या नव्या बोलपटाची हकीकत मानसिंग अजून सांगत असतो. त्या नमस्काराच्या जिवावर त्याला दुसरे घर झाले म्हणे. संत म्हणतील, सोडून दे. मी नमदा आहे, संत नव्हे. माझी फिर्याद मी भगवंताच्या पायाशी ठेवली आहे आणि निवाडा त्याच्याकडे सोपवला आहे. त्याने तो लवकर करावा, एवढेही मी भजन ऐकताना म्हणून घेते.

तुम्हा ऐकणाऱ्यांना सांगणे एवढेच. अडखळून बोलणाऱ्याचा शब्द पुरा होईपर्यंत थांबा. कोणी वाकलेला दिसला तर तो कोणापुढे वाकला आहे याची चौकशी करू नका. त्याच्या पाठीमागे हसू नका.

ज्यांनी हे ऐकले त्या सर्वांचे कल्याण होवो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना बोलायला कोणी मिळो, तुमच्या लेकरांचे नमस्कार त्यांच्याजवळ शाबूत राहोत, तुमच्या गोठ्यातल्या मुक्या जिवांचे खांदे न सोलोत. सांजेला प्रत्येक चुलीवर भाकरी फुगो, प्रत्येक देव्हाऱ्यात दिवा लागो, आणि त्या दिव्यापुढे वाकणाऱ्या प्रत्येक मस्तकावर त्या दयाघनाचा हात असो.